क्लचच्या पायाची चप्पल

गाडीचा झटका गेला आणि गुफरान रडला. दोन्ही गोष्टी एकाच दुपारी झाल्या, बीडमध्ये, बिंदुसरा नदीच्या काठच्या मोकळ्या प्लॉटवर, तीन माणसांच्या देखत. आता हे झालंच नाही असं धरून चालायचं. कारण गुफरान स्वतः तसंच धरून चालतो, आणि ज्याची गोष्ट त्याचं ऐकावं लागतं. त्याला विचारलं तर तो म्हणेल, कसला झटका, कुठली गाडी, आणि डोळ्यांचं म्हणाल तर डिझेलच्या धुरानं कुणाच्याही डोळ्यांत पाणी येतं.

तर झटका होता. दहाचाकी ट्रक, कापसाच्या गाठी वाहून वाहून पाठीतून जरासा खचलेला. चालताना काही तक्रार नाही, चढाला नाही, उताराला नाही. पण बंद केला की इंजिन थांबता थांबता सगळ्या गाडीला एकच हिसका द्यायचं. केबिन डावीकडे कलंडल्यासारखी व्हायची, आरशाला बांधलेला काळा गोंडा उडायचा, सीट पाठीत कोपर मारायची, आणि मग एकदम शांत. झोपेत पायरी चुकल्यावर माणूस दचकतो तसं. गुफरान रोज सकाळी प्लॉटवर जायचा, बॅटरी उतरू नये म्हणून गाडी सुरू करून थोडा वेळ ठेवायची, असं घरी सांगून. सांगितलेलं खोटं नव्हतं. पण तो सुरू करायला जात नव्हता, बंद करायला जात होता. अब्बा वारल्यापासून त्याला दिवसभरात जे काही जाणवायचं ते एवढंच, तो हिसका. बाकी सगळं काचेपलीकडचं. अम्मीने डाळीत टाकलेली हिरवी मिरची दातांखाली आली की मिरची तिखट आहे ही माहिती मिळायची, पण ती दुसऱ्या कुणाला तरी मिळाल्यासारखी. कब्रस्तानातून परत येताना लोक त्याच्या खांद्यावर हात ठेवत होते आणि तो प्रत्येकाला गाडी कुठं लावली विचारत होता, कारण गल्ली अरुंद आहे आणि पुढच्याची गाडी निघाल्याशिवाय मागच्याची निघत नाही. पाहुणे म्हणाले, पोरगं धीराचं हाय. औरंगाबादची खाला म्हणाली, पत्थर है. दोघांचंही बरोबर असेल असं त्याला वाटलं. वाटलं म्हणजे, दोन्ही म्हणणी त्याने ऐकून घेतली.

त्याचं कामही असं की त्यात धीरालाच भाव. बसस्टँडमागच्या फ्लेक्सच्या दुकानात तो डिझाइन करतो. वाढदिवस, निवड, शुभेच्छा, श्रद्धांजली, कोचिंग क्लासची गुणवंत पोरं. माणूस बदलतो, हार तोच. नगरसेवकाने अब्बांचा बॅनर लावायचा म्हटल्यावर मालक म्हणाला, दुसऱ्याला देऊ का? गुफरान म्हणाला, नको, फोटो माझ्याकडंच आहे. फोटो एकच निघाला, केबिनमध्ये स्टीअरिंगवर बसलेला. मागचं सगळं काढून निळं आभाळ टाकायची पद्धत आहे म्हणून त्याने केबिन काढली, काच काढली, सीट काढली, आणि शेवटी स्टीअरिंगही काढावं लागलं, कारण आभाळात स्टीअरिंग बरं दिसत नाही. हात मात्र राहिले. त्यामुळे पंधरवडाभर चौकात अब्बा, म्हणजे नबीभाई, निळ्या आभाळात बसून काहीतरी घट्ट धरून होते आणि ते काय हे येणाऱ्या-जाणाऱ्या कुणालाच दिसत नव्हतं. कुणी विचारलंही नाही. बॅनरमधल्या माणसाच्या हातांकडे कोण बघतं.

गाडी विकायची हे अम्मीने ठरवलं. कमरजहाँ जास्त बोलणारी बाई नाही. तिने एवढंच सांगितलं की नदीपलीकडे जाताना त्या प्लॉटवरून जावं लागतं आणि तिला दुसरा रस्ता लांब पडतो. मग केजहून धर्मराज आला. वाहतुकीचा धंदा असलेला, अंगाने भरलेला, गाडीची परीक्षा घेताना गप्प राहणारा माणूस. त्याने गाडी गेवराईच्या रस्त्याने पुलापर्यंत नेऊन आणली, टायरला लाथा मारल्या, खाली वाकून बघितलं, आणि प्लॉटवर आणून बंद केली. झटका बसला. धर्मराज तसाच बसून राहिला, स्टीअरिंगवर हात ठेवून, जणू कुणी त्याला मागून हाक मारली होती. मग उतरून म्हणाला, इंजिनाचं फाउंडेशन गेलंय, म्हणजे इंजिन ज्या चार रबरांवर बसतं ती रबरं गेलीत, एवढं करून ठेवा, मी शुक्रवारी तुमची नमाज झाल्यावर येतो. गुफरान हो म्हणाला. आणि गाडीचा हा रोजचा हिसका शुक्रवारनंतर असणार नाही हे त्याच्या लक्षात आलं. लक्षात आलं तेव्हा त्याने आपल्याला काही होतंय का ते थांबून बघितलं. काही होत नव्हतं. पण तो थांबून बघत होता, हेच नवीन होतं.

म्हणून तो आधी शोरूमला गेला. अब्बा हयात असते तर हे झालं नसतं. नबीभाई हायवेवरच्या त्या शोरूमवरून जाताना मान सरळ ठेवायचे, भांडण झालेल्या सोयऱ्याच्या दारावरून जावं तशी. ब्रेकचे लायनर, पाट्यांचे पिन, वॉटर पंप, सगळं त्यांनी प्लॉटवर आडवं पडून केलं, आयुष्यभर. गुफरान लहानपणी बापाला ओळखायचा ते गाडीखालून बाहेर आलेल्या दोन पायांवरून. शोरूममध्ये मात्र कुणाचेच पाय दिसत नव्हते. काच होती, थंड हवा होती, सोफा होता, आणि टाय बांधलेला सुग्रीव नावाचा पोरगा होता, त्याच्याच वयाचा. त्याने गुफरानला सर म्हणून बसवलं आणि संगणकात गाडीचा नंबर टाकला. गाडी इथं पहिल्या सर्व्हिसनंतर कधी आलीच नाही, असं तो काळजीने म्हणाला, हरवलेल्या माणसाबद्दल बोलावं तसं. मग तक्रार काय ते विचारलं. गुफरानने सांगितली.

"प्रॉब्लेम कधीपासूनचा आहे, सर?"

"वडील वारल्यापासून."

सुग्रीवने मान हलवून यादीत शोधलं. वर गेला, खाली आला. सहा महिन्यांपासून होतं, अपघातानंतर होतं, पावसाळ्यात होतं. वडिलांचं नव्हतं. त्याने 'अन्य' वर टिचकी मारली आणि सॉरी सर म्हणाला. ते यादीबद्दल की वडिलांबद्दल, हे गुफरानला कळलं नाही, बहुतेक सुग्रीवलाही. मग त्याने सांगितलं की नुसतं रबर येत नाही, सगळा संच येतो, संचाबरोबर ब्रॅकेट येतात, ब्रॅकेट काढले की अजून काय काय काढावं लागतं, आणि जे काढलं ते जुनं परत लावायची कंपनीची पद्धत नाही. छापून दिलेल्या कागदाच्या तळाला आकडा होता. तो बघून गुफरानला काही वाटलं नाही. त्याच्या जागी दुसरा कुणी असता तर मटकन बसला असता, आणि बसायला सोफा होताच, म्हणजे शोरूमवाल्यांनी विचार केलेला होता. निघताना सुग्रीवने एक कार्ड पुढं केलं आणि आजच्या अनुभवाला किती तारे देणार विचारलं. गुफरानने पाचही दिले. अनुभव नव्हता, पण तारे द्यायला त्याची काही हरकत नव्हती.

आपणच करायचं ठरलं ते असं. ठरलं म्हणजे शहेबाज म्हणाला. शहेबाज त्याचा चुलतभाऊ, नाक्यावर टायर-पंक्चरचं दुकान चालवतो, जॅक आणि पाने त्याचेच. त्याचं म्हणणं, नबीचाचाच्या पोराने फाउंडेशनला शोरूमला जावं म्हणजे हद्द झाली बे, चार नट, चार रबर, अर्ध्या दिवसाचं काम. गुरुवारी सकाळी दोघं गाडीखाली गेले. इंजिनाच्या पोटाखाली लाकडाचा ठोकळा, त्याखाली जॅक, आणि हळूहळू उचलायचं, बाळंतिणीला उठवावं तसं. गाडीखाली गुफरान बऱ्याच वर्षांनी आडवा झाला होता. वर काळं तेल, धूळ, जुनी तार. आपले पाय बाहेर निघालेले असणार, आणि ते कुणीतरी बघत असणार, असं त्याला उगाच वाटलं. इंजिन बोटभर उचललं. शहेबाजने पुढच्या नटाला पाना लावला, शिव्या दिल्या, नट सुटला, आणि त्याने आत बोट घालून काहीतरी ओढलं. जळून काळपट झालेली, गोल कापलेली रबराची चकती, मध्ये भोक. त्याने ती अंगठ्याने पुसली. खालून गुलाबी रंग निघाला. अजून पुसली.

"गुफऱ्या," शहेबाज म्हणाला, "तुज्या गाडीला फुलपाखरू निघालं बे."

ते फुलपाखरू नाजियाच्या चपलेवरचं होतं. नाजिया म्हणजे गुफरानची धाकटी बहीण, आता लग्न होऊन अंबाजोगाईला. ती चौथीत असताना तिच्या गुलाबी चपलांतली एक हरवली होती आणि तिने दोन दिवस जेवण टाकलं होतं. गुफरान गाडीखाली आडवा पडून त्या फुलपाखराकडे बघत राहिला. शहेबाज काढत गेला आणि एकेक येत गेलं. पुढच्या डाव्या बाजूला फुलपाखराखाली निळ्या पट्ट्याची पांढरी हवाई, ती त्याची स्वतःची, शाळेतली. पुढच्या उजव्या बाजूला अम्मीची करड्या रंगाची, टाचेशी झिजलेली, तिच्या चालीसारखी तिरकी. त्याखाली एक कुणाची तरी टायरसोलची. मागे अजून. कंपनीचं रबर कधीच विरून गेलं होतं, ब्रॅकेटला चिकटलेला त्याचा थोडा काळा गाळ तेवढा होता. एवढं मोठं लोखंडाचं धूड, कापसाच्या गाठींसकट बालाघाटाचा चढ चढणारं, इतकी वर्षं त्यांच्या घरच्या चपलांवर बसलेलं होतं. शहेबाज म्हणाला, टायरचा तुकडा का नाही लावला चाचाने, माझ्या दुकानात ढीग पडलेला असतो. मग स्वतःच थोडा विचार करून म्हणाला, टायर कडक, थरथराट तसाच वर येतो, चप्पल दबते आणि परत येते. आणि चकती अंगठ्याने दाबून बघितली.

त्यांच्या घरातून चपला जायच्या. गुफरानच्या सगळ्या लहानपणात ते होतं, पाणी जावं, लाइट जावी, तशी चप्पल जायची. आणि जोड कधी जायचा नाही, एकच जायची. चोर एक चप्पल नेत नाही, म्हणून शंका कुत्र्यावर. शेजारच्या छबुबाईंचा पिवळा कुत्रा होता, मास्तर. रोज सकाळी प्रार्थनेच्या वेळी जिल्हा परिषदेच्या शाळेसमोर जाऊन बसायचा म्हणून त्याला मास्तर म्हणायचे. तो चपला नेतो असं कमरजहाँने एकदा म्हटलं, छबुबाईंनी माझा मास्तर तसला नाही म्हटलं, शब्द वाढला, आणि सामाईक भिंतीच्या दोन बाजूंना दोन बायका कितीतरी वर्षं एकमेकींशी बोलल्या नाहीत. साखर मागायची तर पोरांकडून, तीही भिंतीकडे बघून. चप्पल गेली की अब्बा स्वतः शोधायचे. गुफरानला ते नीट आठवत होतं. कंदील नाही, टॉर्च घेऊन, पलंगाखाली वाकून, नालीत काठी घालून, मन लावून. मास्तरला ते दम द्यायचे. मास्तर शेपटी हलवायचा. अम्मी उरलेली चप्पल टाकून द्यायला निघाली की अब्बा तिच्या हातून घ्यायचे आणि म्हणायचे, "रैने दे. मिलती." मग ती माळ्यावरच्या पोत्यात जायची. एकट्या चपलांनी भरलेलं ते पोतं घर रंगवताना खाली यायचं, रंग वाळला की वर जायचं. मास्तर म्हातारा होऊन मेला तो आरोप अंगावर घेऊनच. त्यानंतरही एकदा चप्पल गेली होती. तेव्हा अम्मीने छबुबाईंच्या दाराकडे बघितलं, तिथं कुत्रा नव्हता, आणि तिने काही म्हटलं नाही. अब्बा म्हणाले होते, सवय राहते. कुणाची, ते बोलले नव्हते. गुफरान हे सगळं आठवत होता, इतकं नीट आठवत होता की त्याला हसू यायला हवं होतं. हसू कुठून येतं ते ठिकाण त्याने आतल्या आत चाचपून बघितलं. तिथं इंजिन उचलून ठेवल्यासारखी बोटभर फट होती.

चकत्या पाटीत भरून त्याने घरी नेल्या आणि अम्मीसमोर ठेवल्या. कमरजहाँ पाटीवर वाकली. आपल्या टाचेची चकती तिने उचलून हातात घेतली, तिचं वजन बघितल्यासारखं केलं, परत ठेवली. मग एकच शब्द म्हणाली, "कुत्रा?" गुफरानने नाही म्हणून मान हलवली. तिने ओढणी नीट केली आणि भिंतीच्या शेवटाला वळसा घालून शेजारच्या दारात जाऊन उभी राहिली. छबुबाई भाकरी थापत होत्या. मागोमाग गुफरान पाटी घेऊन, पुरावा म्हणून.

"छबुबाई, तुमचा मास्तर बेकसूर होता."

"मला ठावं हाय, भाभी," छबुबाई म्हणाल्या. भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं. "मी बघितलंतं. नबीभाई मागं बसून कापत व्हते, तुमची करडी. मला बघून लई वशाळले. म्हनले, वैनी, कुत्र्यावर जाऊ द्या. त्याला काय, त्याला कुटं बाजारात जायचंय."

"मंग मला बोलल्या कावून न्हाई इतकी वर्षं?"

"तुमी बोलत नव्हता ना माज्याशी. सांगू कुनाला?"

कमरजहाँ चुलीपाशी बसली. भाकरी फुगली, उलटली गेली, दुसरी पडली. थोड्या वेळाने छबुबाई पदराला हात पुसून म्हणाल्या की नबीभाईंनी त्यांना ईदच्या दुसऱ्या दिवशी दरवेळी मास्तरसाठी वेगळं हाड आणून दिलं, न चुकता, भिंतीवरून. मेल्यावरही त्यांनीच पुरला, प्लॉटवर, गाडीच्या मागल्या चाकापाशी. कमरजहाँ म्हणाली, मला त्यातलं काही सांगितलं नाही. छबुबाई म्हणाल्या, सांगितलं असतं तर गाडी उभी राहिली असती. गुफरान दारात पाटी धरून उभा होता. दोन घरांतल्या तिघांनी मिळून एक गुपित सांभाळलं आणि त्यातला एक कुत्रा होता, असा विचार त्याच्या मनात आला. तो चांगला विचार होता. अब्बांना सांगायला हवा, असं वाटून तो वळलाही.

बाजारातून आणलेली नवी रबरं बसली नाहीत. हे दुपारी कळलं. अब्बांनी इतक्या वर्षांत ब्रॅकेटला कुठं घासलं होतं, कुठं पट्टी डागली होती, बोल्ट कुठं आखूड केले होते. सगळं चपलांच्या जाडीला जुळवत नेलेलं. कंपनीचं रबर लावलं तर इंजिन बोटभर वर बसायचं आणि पंखा जाळीला लागायचा. गाडी आता कंपनीच्या मापाची राहिलीच नव्हती, त्यांच्या घरच्या पायांच्या मापाची झाली होती. सुग्रीवच्या संगणकात त्याला काय म्हणतात, बहुतेक अन्य. शहेबाज कपाळ पुसत बसला. गुफरान घरी गेला, माळ्यावर चढला आणि पोतं खाली ओढलं. रंगकामाचे पांढरे ठिपके पडलेलं. उघडलं आणि त्याला कळलं की अब्बा 'मिलती' म्हणायचे ते खोटं नव्हतं. जी खाली होती तिची जोडीदार इथं होती, प्रत्येकीची. नाजियाचं दुसरं फुलपाखरू, अजून लख्ख गुलाबी. अम्मीची दुसरी करडी. घरात इतकी वर्षं स्पेअर पार्टचं दुकान होतं आणि ते अम्मी नकळत सांभाळत होती. कापायला लागल्यावर त्याचे हात आपोआप चालले. आधी भोक, मग गोल. असं कुणी शिकवलेलं नव्हतं. गाडीखालून निघालेल्या दोन पायांनी शिकवलं असेल तर माहीत नाही.

तीन बाजू झाल्या. चौथी, मागची डावी, राहिली. पोत्यातल्या उरलेल्या चपला उंदरांनी कुरतडून जाळी केल्या होत्या. गुफरानने आपल्या पायांकडे बघितलं. चांगल्या कंपनीच्या सँडल, दिसायला जाड. कापून बघितली तर आतून पोकळ, हवेचे कप्पे. शहेबाज म्हणाला, असू दे, तीनवर उद्यापर्यंत राहील, सकाळी बघू.

शुक्रवारी दुपारी अम्मी आतल्या खोलीत जानमाजवर नमाजला बसली होती. गुफरान उंबऱ्याशी उभा होता. उंबऱ्याच्या आत, डाव्या हाताला, अब्बांची जोडी होती. जाड काळ्या रबराची, अंगठ्याची खूण पडलेली. अब्बा गेले त्या दिवशी ती केबिनमधून आली होती. गाडी चालवताना ते चपला काढून क्लचच्या बाजूला ठेवायचे, केबिन म्हणजे घर म्हणायचे. तेव्हापासून ती तिथंच होती. झाडू तिच्याभोवतीने फिरायचा. आलेले-गेलेले आपल्या चपला तिच्यापासून लांब काढायचे, तिथं कुणीतरी बसलंय असं. गुफरान वाकला तेव्हा त्याला त्या दिवशीचा ढाबा दिसला, गेवराईच्या अलीकडचा, दुपारचा. स्टार्टर नरम झाला होता म्हणून अब्बा चहाला थांबले तरी इंजिन बंद करत नसत, रविवारी बघतो म्हणायचे. गाडी सावलीत उभी, इंजिन चालू. ढाब्यावाल्याला वाटलं ड्रायव्हर डोळा लागून पडलाय. ऊन सरकलं, सावली गेली, इंजिन चालूच. मग कुणीतरी फोन केला. गुफरान पोचला तेव्हा खाली गर्दी होती आणि वर कुणी चढत नव्हतं. तो चढला. अब्बा सीटवर टेकून बसलेले, हनुवटी छातीवर, हात मांडीवर, पाय अनवाणी. अंगातून इंजिनाची थरथर जात होती, शर्टाचा खिसा थरथरत होता, म्हणून ते जिवंत वाटत होते. गुफरानला काय करावं कळेना. त्याने, गाडी प्लॉटवर लागली की आपण रोज विचारायचो तसं विचारलं, अब्बा, बंद करू? आणि त्यांच्या मांडीवरून हात नेऊन किल्ली फिरवली. गाडीने झटका दिला. अब्बांनी मान हलवली. हो म्हणाले. गुफरान म्हणाला, हं. मग थरथर थांबली, खिसा थांबला, आणि खाली कुणीतरी बाई मोठ्याने रडायला लागली, ओळख ना पाळख. तो मात्र, आता बंद केलंय, अब्बा हो म्हणालेत, असं समजून शांत बसून होता. तेव्हापासून तो तसाच बसून होता.

त्याने डावी उचलली. क्लचच्या पायाची. अंगठ्याखाली जास्त दबलेली. शर्टाखाली लपवली, जशी कुणीतरी आधी कितीदा लपवली असणार, आणि मान सरळ ठेवून निघाला. गल्लीच्या तोंडाशी त्याने मागे बघितलं. अम्मी सलाम फेरून, नमाज संपवून दारात आली होती. उंबऱ्याशी एकच चप्पल होती. तिने नालीकडे बघितलं, छबुबाईंच्या दाराकडे बघितलं, सगळं रीतीप्रमाणे. मग वाकून उजवी उचलली, ओढणीने पुसली, आणि कुणाला सांगत नव्हती अशा आवाजात, पण गल्लीच्या तोंडापर्यंत येईल एवढ्या आवाजात म्हणाली,

"रैने दे. मिलती."

प्लॉटवर शहेबाज होता, धर्मराज आला होता, छबुबाई मास्तरला कुठं पुरलंय ते दाखवायला आल्या होत्या आणि मागल्या चाकापाशी उभ्या होत्या. गुफरानने चप्पल कापली. आधी भोक, मग गोल. चकती जागेवर बसली, काही ठोकावं लागलं नाही. जॅक उतरला, इंजिन खाली आलं, चारही जणांवर, आणि स्थिरावलं. धर्मराजने चहाचा ग्लास डॅशबोर्डवर ठेवला. गुफरानने गाडी सुरू केली, थोडी चालू दिली. मग विचारलं. मोठ्याने विचारलं की मनात, ते शहेबाज एक सांगतो आणि छबुबाई दुसरं. किल्ली फिरवली. गोंडा हलला नाही. ग्लासातल्या चहावर साय होती, ती हलली नाही. सीटने पाठीत काही मारलं नाही. गाडी थांबली, जशी माणसं थांबतात, कुणाला न कळता. गुफरानने बाजूला बघितलं. कुणी मान हलवली नाही.

इथं जे झालं ते वर सांगून झालंय आणि ते झालेलं नाही. डिझेलचा धूर होता.

धर्मराज खूश झाला. गाडी पसंत, फक्त कागद आधी नीट करून द्या म्हणाला. म्हणजे मयताचं नाव कमी करून वारसाचं लावायचं आणि मग त्याचं. सोमवारी गुफरान आरटीओला गेला. बाहेर टेबल टाकून बसलेल्या एजंट सटवाने सांगितलं, अर्जात लई लिहू नका, नाव कमी करा एवढंच लिहा, साहेब वाचत न्हाईत. गुफरानने कोरा कागद मागून घेतला आणि कडुनिंबाखाली मोटारसायकलच्या सीटवर ठेवून लिहिला. सटवाने वाचला, परत वाचला, याला कुठला फॉर्म लागतो विचारलं, आणि शेवटी शिक्का नसलेल्या गठ्ठ्यात ठेवून दिला. तो अर्ज असा:

प्रति, मा. परिवहन अधिकारी, बीड. अर्जदार: शेख गुफरान शेख नबी. विषय: दहाचाकी ट्रकच्या नोंदणीत अट घालणेबाबत. महोदय, उपरोक्त गाडी आपण खुशाल कुणाच्याही नावावर करावी, अर्जदाराची हरकत नाही. मात्र मयत शेख नबी शेख चाँद यांचे नाव कमी करू नये, कारण त्यांचा डावा पाय सध्या गाडीत कामावर आहे, तसेच अर्जदार, त्याची आई व बहीण यांचेही. खात्री करावयाची असल्यास इंजिन उचलून पाहावे व पाहून झाल्यावर होते तसे बसवावे. मागील डाव्या चाकापाशी पुरलेला कुत्रा निर्दोष असल्याची नोंद शेऱ्याच्या रकान्यात घ्यावी. आणि यापुढे जो कोणी मालक, चालक अथवा आपले निरीक्षक सदर गाडी बंद करतील, त्यांनी किल्ली फिरवण्यापूर्वी "अब्बा, बंद करू?" असे स्पष्ट आवाजात विचारावे व उत्तर येईपर्यंत इंजिन चालू ठेवावे, अशी अट नोंदणी पुस्तकात घालण्यात यावी, ही नम्र विनंती.